गॅरेजवाल्याकडून पट्टी घ्या, मगच महाग की स्वस्त ते बोला

आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. पण विषय आपल्या हिशोबाचाच आहे.

टायमिंग बेल्टचा खर्च ऐकला की पारावर एकच वाक्य ठरलेलं असतं. "रबराचा पट्टा तो, त्याला बारा हजार? लुटतोय तुला." हे वाक्य मला पटत नाही, आणि आपल्या तोंडी तर अजिबात शोभत नाही.

व्यापारी आपला खर्च न विचारता भाव पाडतो म्हणून आपण ओरडतो. उत्पादन खर्चावर किमान 50 टक्के जास्त धरून हमीभाव द्या, असं स्वामीनाथन आयोगानं 2006 मध्ये सांगितलं, ते आपल्याला तोंडपाठ आहे. आणि गॅरेजात गेलो की आपणच म्हणतो, "बेल्ट एवढ्याला मिळतो, मग बाकीचे पैसे कशाचे?" म्हणजे उद्या कोणी म्हणालं, "बियाणं एवढ्याचं, मग कांदा एवढा महाग का?" तर चालेल का आपल्याला?

घोळ कुठं होतो बघा. आपल्या ट्रॅक्टरला बहुतेक टायमिंगचे गियर असतात, बेल्ट नसतो. पट्टा म्हटलं की आपल्याला पिठाची गिरणी नायतर मळणी यंत्र आठवतं. तुटला, दुसरा चढवला, चालू. टायमिंग बेल्टचं तसं नाही. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे, हे गणित तो दातांचा पट्टा सांभाळतो. तो तुटला किंवा चार दात सरकला, की उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आपटतो. डिझेल इंजिनात वर जागाच थोडी असते. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि मग बेल्टच्या खर्चाच्या कितीतरी पट बिल होतं. ते पण ऐन तोडणीत, गाडी रस्त्यात उभी राहून.

आता माझ्या गाडीचंच सांगतो. डस्टर, 1.5 डिझेल, 2014 ची. तीन ठिकाणी विचारलं.

पहिला म्हणाला, 5,500 मध्ये करून देतो. कागद नाही. टेन्शनरचं विचारलं तर "चांगला असला तर राहू दे."

दुसऱ्यानं वहीच्या पानावर लिहून दिलं. बेल्ट आणि टेन्शनरचा किट 5,200, पाण्याचा पंप 2,400, कूलंट 900, क्रँकचा नवा बोल्ट आणि किरकोळ 400, मजुरी 3,500. एकूण 12,400.

तिसरं जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं वर्कशॉप. छापील कागद, 19,800. त्यात इंजिन फ्लश, इंजेक्टर सफाई, एसी सफाई आणि अलाइनमेंट मिळून 5,600 चं काम असं, की ज्याचा बेल्टशी काही संबंध नाही. ते वगळलं की उरतात 14,200. म्हणजे दुसऱ्यात आणि तिसऱ्यात खरा फरक 1,800 चा.

पारावरच्या मंडळींनी पहिला पसंत केला. माझ्या मते तिघांत महाग तोच.

का ते सांगतो. ह्या इंजिनात पाण्याचा पंप ह्याच बेल्टवर फिरतो. नवा बेल्ट जुन्या पंपावर आणि जुन्या टेन्शनरवर चढवला आणि उद्या त्यातलं एक बेअरिंग जाम झालं, तर नवा बेल्टही गेला आणि इंजिनही. पंप नंतर गळायला लागला तर तीच सगळी खोलाखोल पुन्हा आणि तीच मजुरी पुन्हा. ठिबकची नवी नळी टाकायची आणि फिल्टर फुटकाच ठेवायचा, असला प्रकार आहे हा.

पण म्हणून कोणी पंप लावला की डोळे झाकून हो म्हणू नका. इनोव्हाच्या जुन्या 2.5 डिझेलमध्ये पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर नाही, बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो. तिथं चांगला पंप "सोबत बदलूच" म्हणणाऱ्याला कारण विचारा. आणि जुन्या स्विफ्टच्या 1.3 डिझेलला तर बेल्टच नाही, चेन आहे. तिला टायमिंग बेल्टचं कोटेशन दिलं तर समजून जा. काही जण बाहेरचा फॅन बेल्ट बदलून "बेल्ट झाला" म्हणतात, तेही तपासा.

मजुरीचं बघू. 3,500 ऐकून डोळे मोठे होतात. पण गाडीखाली वाकून बघा एकदा. चाक काढायचं, इंजिनाला जॅकचा आधार द्यायचा, एका बाजूचा माउंट सोडायचा, क्रँक आणि कॅम पिना लावून जागेवर धरायचे, मग पट्टा चढवायचा, ताण बसवायचा, हातानं दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवायच्या. अर्धा दिवस सहज जातो, आणि एक दात चुकला तर जबाबदारी त्याची. रोटाव्हेटरला आपण तासाचा दर लावतो, डिझेल वाढलं की दर वाढवतो. मग त्याच्या तासाला काही किंमत आहे की नाही?

हे गॅरेजवाल्याची वकिली करायला लिहीत नाही. त्यांनाही ऐकवायचंय. "सगळं मिळून बारा हजार" हे कोटेशन नव्हे. अडत्यानं नुसती रक्कम हातात ठेवली तर आपण घेतो का? हमाली किती, तोलाई किती, वजन किती, पट्टी मागतोच. तशीच पट्टी इथं मागायची. लिहिता येत नाही, वेळ नाही, हे कारण चालणार नाही. वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला तरी पुरे. तेवढंही न करणाऱ्याकडं इंजिन उघडायला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पट्टीत इतकं पाहिजे:
1. प्रत्येक पार्टचं नाव, कंपनी आणि किंमत. डब्यावर एमआरपी छापलेली असते, तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही.
2. मजुरी वेगळी, किती तासांचं काम ते सांगून.
3. काढलेले जुने पार्ट परत मिळतील का.
4. बेल्ट सरकला तर किती महिने आणि किती किलोमीटरपर्यंत कोण भरणार.
5. पक्कं बिल. ते न देणं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. तक्रारीला 1915 नंबर आहे.

अजून एक. "माझी गाडी कुठं जास्त पळते" म्हणून थांबू नका. रबर वर्षांनीही म्हातारं होतं. गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतील तर जे आधी येईल ते धरायचं. आपल्या गाड्या कमी पळतात, पण धूळ, ऊन आणि उंदीर त्यांना भरपूर.

कृषी सल्लागार मंडळींनाही विनंती. माती परीक्षणाशिवाय तुम्ही खताचा डोस सांगत नाही. मग गाडीचं इंजिन कोणतं, त्यात काय काय बदलणार, हे न विचारता "महाग आहे" असं तुम्हीही सांगू नका. गावात तुमचा शब्द चालतो.

मी दुसऱ्याकडं काम दिलं. 12,400 दिले, एक रुपया कमी केला नाही, जुना पंप आणि टेन्शनर पिशवीत घालून घरी आणले. घासाघीस करायची तर त्या 5,600 च्या फालतू कामावर करा. अर्धा दिवस गाडीखाली पडलेल्या माणसाच्या मजुरीवर करू नका. घामाला भाव मागणाऱ्यानं दुसऱ्याच्या घामाला भाव द्यायला शिकलं पाहिजे, आणि दोघांनीही तो कागदावर लिहायला.