तासभराची शांतता

बाकं समोरासमोर मांडलेली. वेदी नाही, धर्मगुरू नाही, प्रार्थनेचं पुस्तक नाही. लोक येतात, बसतात आणि गप्प राहतात. इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची रविवारची उपासना ही अशी, साधारण तासभराची.

हे एकट्याचं ध्यान नव्हे. प्रत्येक माणसात ईश्वराचा प्रकाश आहे, मग मध्यस्थ कशाला, असं 17व्या शतकात पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स सांगू लागला आणि मिळून त्या प्रकाशाची वाट पाहण्याची ही रीत रुजली. कुणाला आतून अगदी राहवलं नाही, तर तो उभा राहतो, चार वाक्यं बोलतो, बसतो. त्याला कुणी उत्तर देत नाही. पुन्हा शांतता. कधी तासभर एकही शब्द उमटत नाही. तीही उपासना पुरीच! शेवटी दोघे हस्तांदोलन करतात आणि सभा संपते.

केनियात, जिथे क्वेकरांची संख्या सर्वाधिक आहे, तिथे मात्र पाळक असतात, गाणी असतात.

इंग्लंडमधल्या या मौनाची किंमत मात्र एके काळी जबर होती. 1664च्या कायद्यानं अधिकृत चर्चबाहेर उपासनेला जमणं गुन्हा ठरलं. 1682 साली ब्रिस्टलमधले प्रौढ क्वेकर तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्या मुलांनी सभा चालू ठेवल्या. मुलांना मार बसला, पण त्यांनी जमणं सोडलं नाही. क्वेकरांच्या इतिहासात याहून हृद्य प्रसंग शोधून सापडणार नाही.

या मौनाचा एक धागा भारतातही सापडतो. सेवाग्राम आश्रमात नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीची धुरा वाहणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकरच होत्या. गांधीजी सोमवारी मौन पाळत, तोच हा आश्रम.