पेटीतले साठ आंबे आणि रिपोर्टचे कुलूप

रत्नागिरी हापूसच्या पाच डझनांच्या पेटीत ६० आंबे असतात. चार थरांत पंधरा-पंधरा लावा की पाच थरांत बारा-बारा, सगळे थर सारखे बसतात, कारण ६० ला तब्बल बारा विभाजक आहेत. एक आंबा वाढला की पंचाईत. ६१ ही मूळ संख्या. १ आणि ६१ सोडून तिला विभाजकच नाही. (तो आंबा बहुधा घरातल्या पोरांच्या वाट्याला जातो.)

आंब्याचे पैसे आता मोबाइलवर येतात आणि गावाकडच्या आईवडिलांचे तपासणीचे रिपोर्टही मुंबईतल्या मुलाला मोबाइलवरच दिसतात. वाटेत कोणी वाचू नये म्हणून अशी माहिती सांकेतिक रूपात जाते. त्यासाठीच्या पद्धतींपैकी १९७७ सालची ‘आरएसए’ आजही सर्वदूर वापरात आहे आणि तिचा सगळा भरवसा मूळ अवयवांवर आहे.

८३ गुणिले ८९ किती? कागदावर मिनिटभरात ७३८७ येतात. आता उलट करा. ७३८७ चे अवयव शोधायला २, ३, ५, ७ असा एकेका मूळ संख्येने भाग देत गेलात, तर तेविसाव्या खेपेस ८३ हाती लागतो. ‘आरएसए’मध्ये साधारण ६१७ अंकी संख्या वापरतात. २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी संख्या फोडली; ते काम संगणकाच्या एकाच गाभ्याला दिले असते, तर सुमारे २७०० वर्षे लागली असती.

इथे एक गल्लत नेहमी होते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि वेगाने ओळखण्याची रीत दिली. पण संख्या मूळ नाही एवढे कळल्याने तिचे अवयव कळत नाहीत. कुलूप टिकले ते म्हणूनच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या चार कोटींहून अधिक अंकांच्या मूळ संख्येचाही या कुलपाशी संबंध नाही. तो हौसेचा विक्रम.

खरा धोका क्वांटम संगणकाचा. त्यावर अवयव झपाट्याने पाडता येतील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. २००१ मधल्या पहिल्या प्रयोगात १५ चे ३ आणि ५ झाले. ६१७ अंकांपर्यंत पोहोचेल असे यंत्र अजून नाही. मग घाई कशाला? कारण आज चोरलेली सांकेतिक माहिती साठवून ठेवून पुढे उघडता येते. बँकेचा पासवर्ड तोवर दहादा बदललेला असेल. आनुवंशिक आजाराचा रिपोर्ट बदलत नाही, तो मुला-नातवंडांनाही लागू राहतो.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर न विसंबणारी तीन नवी मानके जाहीर केली. भारताने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानाला ६००३ कोटी रुपये मंजूर केले. बँका नव्या कुलपांकडे वळतीलच, त्यांचे पैसे त्यात आहेत. माझ्या मते आधी विचारायला हवे ते रुग्णालयांना आणि प्रयोगशाळांना: आमचे रिपोर्ट किती वर्षे ठेवता, आणि कोणत्या कुलपात?