तिसरा पक्ष म्हणजे आपणच

मागच्या रविवारी सकाळी राहुरीकडच्या एका गावातून एक तरुण आमच्या घरी आला. रंगकाम करणारा, कष्टाळू पोरगा. त्याच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला न्यावे लागते. एस.टी.ची वेळ जुळत नाही आणि दर खेपेला भाड्याची गाडी परवडत नाही. म्हणून त्याने पंचावन्न हजारांना एक जुनी मारुती ८०० घेतली. जयभीम घालून बसला आणि त्याने कागदांची पिशवी आमच्यापुढे ठेवली.

"भाऊ, एजंट फुल इन्शुरन्सचे साडेपाच हजार सांगतो. गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा झाला हा! मित्र म्हणतात, जुन्या डबड्याला कशाला इन्शुरन्स? पोलिसानं धरलं तर बघू. तुम्ही हिशेबातले माणूस. तुम्हीच सांगा."

आम्ही कागद चाळले. आधीच्या मालकाचा विमा संपून सतरा दिवस झाले होते. त्या सतरा दिवसांत गाडी वडिलांना घेऊन पाच वेळा नगरला जाऊन आली होती. नगर-मनमाड रस्ता, त्यात उसाच्या ट्रॉल्या! आमच्या अंगावर काटा आला. चहा बाजूला राहिला आणि आम्ही वही-पेन घेऊन बसलो. तोच हिशेब आज वाचकांपुढे मांडतो, कारण आपल्या वस्त्यांमधून आता अशा जुन्या छोट्या गाड्या दिसू लागल्या आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण गाडी घेताना आपण टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि विम्याचा कागद मात्र घडी न उलगडता पिशवीत टाकतो.

गाडीच्या विम्याचे मुख्य भाग दोन. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाचे नुकसान झाले, कुणी जखमी झाला किंवा दगावला, तर त्याच्या भरपाईचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २०९४ रुपये. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, म्हणजे ती याच गटात येते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २४७१ रुपये होतात. गाडी कितीही जुनी झाली तरी या भागाचा दर तोच. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. टपरीवरचा चहा याहून महाग आहे.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो सक्तीचा नाही. १ जानेवारी २००७ पासून याचे दर कंपन्यांना मोकळे झाले. म्हणून एकाच गाडीला एक कंपनी एक आकडा सांगते, दुसरी वेगळाच. दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय हा भाग घेऊच नये.

आता जुन्या गाडीला हा दुसरा भाग परवडतो का? गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी झाली की तिची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. समजा ती पन्नास हजार धरली. उद्या गाडी ठोकली आणि दुरुस्तीचे बिल आठ हजार झाले: बंपरचे दोन हजार, पत्र्याच्या भागांचे चार हजार, मजुरीचे दोन हजार. प्लास्टिकच्या भागाला निम्मीच भरपाई मिळते. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या लोखंडी भागालाही निम्मीच. मजुरी पूर्ण मिळते. म्हणजे एक, दोन आणि दोन मिळून पाच हजार. त्यातून मालकाने सोसायचे सक्तीचे एक हजार वजा झाले. हातात आले चार हजार! शिवाय दावा केला म्हणून पुढच्या वर्षीची नो क्लेम बोनसची सवलत गेली. दावा न केल्यास ही सवलत पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत वाढते. मात्र ती या दुसऱ्या भागावरच मिळते आणि विमा संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर बुडते.

याचा अर्थ दुसरा भाग निरुपयोगी आहे असा नाही. गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात सापडली, तर तोच कामी येतो. दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण निकामी धरून भरपाई मिळते. ज्याची गाडी रात्री उघड्यावर उभी असते, त्याने हा विचार जरूर करावा. पण बारीकसारीक ठोकरांसाठी जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स घेणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला.

एजंटाच्या साडेपाच हजारांत आणखी एक रक्कम होती. चालक-मालकाच्या पंधरा लाखांच्या अपघात विम्याची. हे संरक्षण हवेच. पण त्या पोराच्या मोटारसायकलच्या विम्यात ते आधीच होते. एकाच मालकाला दोन वाहनांसाठी ते दोनदा घ्यावे लागत नाही. एजंटाने हे विचारले नव्हते आणि पोराला माहीत नव्हते.

एवढा हिशेब झाल्यावर पोरगा म्हणाला, "मग भाऊ, तो पहिला भाग तरी कशाला? मी गाडी जपूनच चालवतो." तेव्हा आम्हाला त्याला आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागली.

१९९४ साल होते. आम्ही सातवीत होतो. आमचे चुलते साखर कारखान्यात हंगामी कामाला होते. रात्रपाळी करून सायकलवर घरी येताना एका जीपने त्यांना उडवले. चार दिवसांनी ते गेले. जीपचा विमा संपलेला होता. न्यायाधिकरणात दावा चालला, वर्षे गेली, आणि निकाल आमच्या चुलतीच्या बाजूने लागला. पण पैसे द्यायचे जीपच्या मालकाने, आणि त्याच्या नावावर ना जमीन ना घर. तो निकालाचा कागद आमच्या चुलतीने ट्रंकेत जपून ठेवला. दोन्ही पोरे तिने खुरपणी करून वाढवली. शेवटपर्यंत त्या कागदाचा एक रुपया तिला मिळाला नाही.

विम्याच्या भाषेत कंपनी हा एक पक्ष, गाडीवाला दुसरा, आणि आमचे चुलते तिसरा. रस्त्याने पायी जाणारा, सायकलवरचा, ऊसतोडीच्या बैलगाडीत बसलेला, शाळेतून येणारी पोर, हा सगळा तिसरा पक्ष आहे. आजवर आपण कायम तिसरे पक्षच होतो. आज आपल्यातल्या चार जणांच्या हातात स्टीअरिंग आले, म्हणून आपण ते विसरायचे काय?

आणि गाडीवाल्याच्या बाजूनेही बघा. विमा नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दंड चार हजार. पण खरी भीती दंडाची नाही. माणूस दगावला तर भरपाई लाखांत जाते आणि ती रंगकाम करणाऱ्या पोराच्या घरादारावर येते. थर्ड पार्टी विम्यात माणसाच्या जिवाच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही. २४७१ रुपयांत एवढे मोठे ओझे आपल्या डोक्यावरून उतरते.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ माणसाला कमाईच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी योजना मांडली. गरिबाचे घर एका आघातात कोसळते, हे त्यांना ठाऊक होते. आपण निदान कायद्याने सक्तीचा केलेला विमा तरी चुकवू नये.

जुनी गाडी घेणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना आणखी एक इशारा. आरसी बुकावर नाव बदलून घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करायचा. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी कितीही हातांत फिरली तरी भरपाईसाठी मालक तोच, ज्याचे नाव आरटीओच्या दप्तरी आहे. म्हणजे गाडी विकून मोकळे झालो असे समजणारा मोकळा नसतो.

पॉलिसीची झेरॉक्स घेऊन गप्प बसू नका. नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून विम्याची तारीख दिसते का ते पाहा. पॉलिसी ज्या तारखेपासून व वेळेपासून लिहिली, तिथूनच संरक्षण सुरू होते. मागची तारीख कुणी लावून देत नाही.

त्या पोराने दुपारच्या आत थर्ड पार्टी विमा काढला, आणि पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी आमच्या दारातच उभी राहिली. वाचलेल्या तीन हजारांतून तो महिन्याला अडीचशे रुपयांचे रिकरिंग उघडणार आहे, गाडीच्या दुरुस्तीसाठी. जाताना म्हणाला, "भाऊ, मंगळवारी वडिलांना घेऊन येतो, तेव्हा आरटीओचं बघू."

वाचकहो, ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी आजच पिशवीतला कागद काढून तारीख बघावी. ज्यांच्या दारात नाही, त्यांनी शेजाऱ्याला विचारावे. त्याच्या गाडीसमोरून रोज आपलीच पोरे शाळेत जातात.