नाव विचारा, पण गावही लिहा

मृगाचा पाऊस जिरला की आमच्या रेणापूरच्या शिवारात बांधाबांधावर तरोटा उगवतो. कोवळा पाला भाजीला जातो. पुढे त्याला कोणी विचारीत नाही. कोकणात हाच टाकळा. नुसत्या नावांवर विसंबून दोन हौशी अभ्यासकांनी पत्रे लिहिली, तर वह्यांत दोन वनस्पती नोंदल्या जाणार! म्हणून पाकिटात वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली डहाळी हवी आणि सोबत गाव, जागा, तारीख हवी. तरोटा म्हणजे सेन्ना टोरा. त्याच्यासारखीच दिसणारी सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया. टोरात पर्णिकांच्या खालच्या दोन जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी असतात, दुसरीत बहुधा एकाच जोडीत. मोबाईलवर वरून टिपलेल्या छायाचित्रात त्या दिसतच नाहीत. तरी छायाचित्र धाडायचे, नाव मिळाले की आभार मानून विसरायचे, अशी रीत पडली आहे.

मराठवाड्याला हे परवडणारे नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. आमचा मुलूख निजामाचा, त्यामुळे तो बाहेर राहिला. उस्मानाबादच्या वनस्पतींचा ग्रंथ व्ही. एन. नाईक यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केला. मराठवाड्याचे त्यांचे दोन खंड यायला 1998 उजाडले. नव्वद वर्षांची ही पिछाडी एकट्यादुकट्या प्राध्यापकाने भरून निघत नाही.

नोंदीचे मोल गाजरगवताने दाखवले. पुण्यात आढळलेल्या या गवताची नोंद आर. एस. राव यांनी 1956 मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात केली आणि देशातली ती पहिली मानली गेली. पुढे जुन्या संग्रहांत एकोणिसाव्या शतकातले नमुने निघाले. चिठ्ठीवर जागा आणि साल होते, म्हणूनच इतिहास दुरुस्त झाला. (अमेरिकन गव्हाला दिलेल्या शिव्या अगदीच मागे घ्यायचे कारण नाही, पण थोड्या आवरत्या घ्याव्यात.)

आता सोयाबीनवरचा तणनाशकाचा फवारा बांधापर्यंत पोहोचतो. पाथरी, कुर्डू, तरोटा, त्याच्या लेखी सगळे तणच. तेव्हा पत्रे या पावसाळ्यापासूनच सुरू करावीत. डहाळ्या दोन घ्याव्यात: एक पत्रासोबत धाडावी, दुसरी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात द्यावी. चिठ्ठीवर भाजी खुडणाऱ्या बाईने सांगितलेले नावही लिहावे. तिच्या तोंडून आले तसेच, शुद्ध न करता.