सैल तारा

परवा संध्याकाळी पेपरांचा गठ्ठा तपासत बसलो होतो. तेवढ्यात भाचा आला आणि म्हणाला, "मामा, तो लाल पेन्सिलीचा छळ थांबवा आणि हे ऐका."

एकच गिटार वाजत होती. खर्जाच्या तारांवर अंगठ्याने संथ ताल धरला होता आणि वरच्या तारांवर बोटे गात होती. दोघे मिळून वाजवताहेत असे वाटावे!

"हवाईयन गिटार!" मी प्राध्यापकी थाटात म्हणालो. मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी फिरवून सिनेमातल्या गाण्यांच्या धून वाजवतात, ती मला ठाऊक होती.

"ती स्टील गिटार. ही तिच्याही आधीची. हिला म्हणतात स्लॅक की."

मग त्याने सांगितलेली हकीगत ऐकून पेपर बाजूलाच राहिले. 1793 साली कॅप्टन व्हँकुव्हरने हवाईच्या राजाला गुरे नजर केली. ती मोकाट वाढली, शेते तुडवू लागली. तेव्हा 1830 च्या सुमारास तिसऱ्या कामेहामेहा राजाने मेक्सिकन गुराखी बोलावले. त्यांच्याबरोबर गिटारी आल्या. पुढे गुराखी परतले, गिटारी राहिल्या. बेटावरच्या लोकांनी त्यांच्या तारा आपल्या गाण्याला मानवतील अशा सैल केल्या. मोकळ्या तारा एकदम छेडल्या तरी सुरेल मेळ निघावा! एका जुळणीचे नाव 'टारो पॅच', म्हणजे चक्क अळूचा वाफा. हे ऐकून आमची ही स्वयंपाकघरातून हसली.

पण या जुळण्या म्हणजे घराघरांतली गुपिते. वाजवून झाले की तारा उतरवून ठेवायच्या, म्हणजे परक्याला सुगावा लागायला नको! आपल्याकडेही बुजुर्ग खाँसाहेब ठेवणीतली चीज अशीच जपत. नानाकुली गावच्या रे काने या मुलाला ही विद्या हवी होती. त्याने काय करावे? समुद्रात बुड्या मारून मासे पकडले आणि ते देऊन आल्बर्ट कावेलोंकडून धडे घेतले. मोठेपणी या काने यांनी ती विद्या पुष्कळांना शिकवली. 1987 साली अमेरिकेने पारंपरिक कलावंतांसाठी असलेला राष्ट्रीय सन्मान त्यांना दिला. 1973 साली किओला बीमर यांनी तर या वादनाचे शिकवणीपुस्तकच छापले. ज्या घरांनी गुपित फारच जपले, त्यांच्या जुळण्या म्हाताऱ्या वादकांबरोबर गेल्या.

भाचा गेला. मी पुन्हा लाल पेन्सिल उचलली, पण लक्ष लागेना. टेबलाच्या खालच्या खणात माझी एक वही आहे. वीस वर्षे ज्ञानेश्वरी शिकवताना अडलेल्या शब्दांची टिपणे तीत आहेत. गेल्या पावसाळ्यात एका तरुण सहकाऱ्याने ती मागितली होती. "कुठे ठेवली, सापडत नाही हो," असे मी म्हणालो होतो. त्या बिचाऱ्याने तर मासेसुद्धा आणले असते!

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घातली. हिने विचारले, "सापडली वाटते?"

"हरवली कुठे होती?" मी म्हणालो आणि चपला पायांत सरकवल्या.