नदीकाठची सपाट वाट

सातारा म्हटले की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना तीन नावे आठवतात. कास, ठोसेघर आणि अजिंक्यतारा. कंदी पेढे धरले तर चार! २०१२ साली कासचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला आणि तेव्हापासून फुलांच्या दिवसांत तिथे रविवारी जायचे म्हणजे तिकीट, गाड्यांची रांग आणि कुंपणाच्या आत कोणी पाय टाकला की रखवालदाराची शिट्टी. तरुण मंडळी गड चढतात, हाफ मॅरेथॉन पळतात. चांगलेच आहे. पण गुडघे कुरकुरू लागलेल्या आमच्या वयाच्या माणसांना घरचे काय सुचवतात, तर कॉलनीच्या बागेतला गोल ट्रॅक. रोज बारा फेऱ्या घाला म्हणतात. घाण्याच्या बैलाला निदान तेल तरी मिळते का बघायची सोय असते.

माझे म्हणणे असे, की या जिल्ह्यातले चालण्याचे खरे सुख डोंगरावर नाही, खाली कृष्णेच्या काठाने आहे. चढ नाही, दम लागत नाही, तासा-दोन तासांत देऊळ, घाट, चहाची टपरी असे काहीतरी येतेच. आणि या वाटा आपल्या डोळ्यांदेखत बुजत चालल्या आहेत, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

वाईचेच घ्या. ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन लोक गाडीत बसतात आणि पाचगणीला निघून जातात. तिथून मेणवली अवघी तीन किलोमीटर. सकाळी सातला गणपती घाटावरून निघाले तर रमतगमत पाऊण तासात पोचता येते. नाना फडणविसांना हे गाव १७६८ साली औंधच्या प्रतिनिधींकडून इनाम मिळाले. नानांचा वाडा, त्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली ती प्रचंड घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या मोहिमेत मिळालेली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि मेरी व बाळ येशूची आकृतीही आहे. महादेवाच्या दारात मेरीची घंटा, आणि त्याचे गावात कोणालाही काही वाटत नाही! पाहुण्यांना मात्र इथे ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रीकरण झाले एवढेच सांगितलेले असते. अंगात ताकद असेल तर तसेच पुढे धोमला जावे. तिथे कमळाच्या आकाराच्या हौदात कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला आहे. पाणी भरलेले असताना तो तरंगतो आहे असे वाटते.

दुसरी वाट लिंबची. शेरी लिंबची बारामोटेची विहीर आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहे. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी ती बांधून घेतली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. लोक येतात, विहिरीतल्या महालात फोटो काढतात आणि हायवेला लागतात. विहिरीपासून नदीकडे, कोटेश्वराच्या देवळाकडे पायी जाणारा माणूस मला क्वचितच भेटला. खरे तर विहीर तिथे का आहे, बारा मोटांचे पाणी कुठल्या रानाला जात असेल, हे त्या शिवारातून चालल्याशिवाय कळत नाही. गाडीच्या काचेतून ते नुसते हिरवे दिसते.

माहुलीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सातारकरांना ती ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणजे अंत्यविधीपुरती. कृष्णा-वेण्णेचा संगम, १७३५ चे विश्वेश्वराचे देऊळ, आणि शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी इतके सगळे शहरापासून पाच किलोमीटरवर असून कोणी सहज फिरायला म्हणून तिकडे जात नाही. सांगलीकर या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. सांगलीहून हरिपूरला संध्याकाळी चालत जायची त्यांची जुनी रीत आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वर, आणि ‘शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवळांचे गाव. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवे होती. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि बरीचशी निकामी झाली. हे मला फलकावर वाचून कळलेले नाही. संगमाच्या पारावर टेकलो होतो, तिथे एका म्हाताऱ्या हमालाने सांगितले. पायी जाणाऱ्याशी लोक बोलतात, गाडीवाल्याला फक्त पत्ता सांगतात.

आता मुद्द्याचे. गावागावांतल्या नदीकडे जाणाऱ्या पाणंदी कुठे गेल्या? बायका धुणे घेऊन, गुराखी म्हसरे घेऊन, पोरे पोहायला ज्या वाटेने जायची, ती वाट दर वर्षी उसाच्या एका सरीने अरुंद होते. मग नळ येतो, धुण्याची वाट मोडते. गुरे कमी होतात, म्हसरांची वाट मोडते. शेवटी शहरातला कोणी नदीकाठचा तुकडा घेतो, तारेचे कुंपण घालतो आणि फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’. अशा एका गावात (नाव सांगत नाही) देवळाच्या मागून घाटावर उतरणारी वाट गेल्या दोन वर्षांत बंद झाली. आता घाटावर जायला गावाला वळसा घालून डांबरीने, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या बाजूने जावे लागते.

शेतकऱ्याची बाजूही मी जाणतो. फिरायला येणारे ऊस मोडतात, हुरड्याची कणसे खुडतात, बाटल्या टाकतात, बांधावर काम करणाऱ्या बायकांचे न विचारता फोटो काढतात. त्याने कुंपण घातले तर त्याला दोष कसा द्यायचा? म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. बांध त्याचा आहे. त्यावरून जायचे तर राम राम घालून, विचारून जायचे, नाही म्हणाला तर मागे फिरायचे. पण पाणंद गावाची आहे. गाव नकाशा काढून बघा. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते. ती रेघ कोणाच्या मेहेरबानीची नाही. अडवलेली वाट मोकळी करून द्यायचा अधिकार तहसीलदारांना १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यापासून आहे.

इंग्लंडात १९४९ साली कायदा करून अशा सार्वजनिक पायवाटांचे नकाशे तयार करायला लावले. वाट कोणाच्या शेतातून गेली तरी चालणाऱ्याचा हक्क राहतो आणि शेतकऱ्याने नांगरली तर त्याने ती पुन्हा करून द्यायची असते. आपल्याकडे २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली, २०२५ मध्ये शेतरस्ते तीन-चार मीटर रुंद करून सातबाऱ्यावर नोंदवण्याचा निर्णय झाला. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या, ऊसतोडीचे यंत्र आणि ट्रॅक्टर शेतात जायला पाहिजेत. पण या सगळ्या हिशेबात चाकांचा विचार आहे, पायांचा नाही. नदीकडे उतरणारी दोन हात रुंदीची वाट कुठल्या योजनेत बसणार?

आणि कृपा करून कोणी तिचे ‘सुशोभीकरण’ करू नये. पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, ‘आय लव्ह अमुक’ अशी अक्षरे... नको. काट्या काढा, कुंपण हात-दोन हात मागे घ्या, एवढे पुरे. ग्रामसभा होतात, तिथे दहा माणसांनी विषय काढला तर इतिवृत्तात तरी येईल. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) नकाशा मागायला फार धैर्य लागत नाही. निवृत्त माणसांइतका वेळ दुसऱ्या कोणाकडे आहे?

ज्यांना यायचे आहे त्यांच्यासाठी. पावसाळ्यात काळ्या रानातून चालू नका, चप्पल चिखलात राहते आणि पाय वर येतो. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस उत्तम. ऊस उभा असेल तिथे अंधार पडायच्या आत परतायचे, कारण बिबट्या आता कऱ्हाडपुरता राहिलेला नाही. हातात काठी, खिशात गूळ-शेंगदाणे. पाण्याच्या कडेला थोडे शांत बसले तर खंड्या दिसतो आणि थंडीत शेपटी हलवणारा धोबी हमखास. पुण्याच्या भाच्यांनी नाताळच्या सुट्टीत यायचे कबूल केले आहे. त्यांना आधी मेणवली दाखवणार आहे, गाडी वाईतच ठेवून. मर्ढ्यापासून लिंबपर्यंत काठाकाठाने अखंड जाता येते का, हे कोणी अलीकडे चालून पाहिले असेल तर जरूर कळवावे.