सूर्यऊर्जा : अनुदान मिळाले, विश्वासाचे काय?

ऊर्जा हा अभियंत्यांचा आणि अर्थतज्ज्ञांचा विषय, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. परंतु आपल्या परिसराकडे पाहिले तर वैद्यकाला त्यापासून अलिप्त राहता येणार नाही, हे ध्यानात येते. उत्तरेला पेंच-कन्हानच्या कोळसा खाणी, शेजारच्या बैतूल जिल्ह्यात सारणीचे औष्णिक वीजकेंद्र आणि सौंसरहून नागपूरला निघाले की सावनेरच्या पुढे खापरखेडा व कोराडीची धुरांडी. ज्या कोळशावर आपले दिवे उजळतात, त्याची राख शेजाऱ्यांच्या श्वासात मिसळते. घरातील चुलीच्या धुराची किंमत तर आम्ही बालरोगतज्ज्ञ नित्य पाहतो. लहान मुलांच्या न्यूमोनियाशी त्या धुराचा असलेला संबंध आता वादाचा राहिलेला नाही. म्हणून अपारंपरिक ऊर्जेचा विचार आरोग्याचा प्रश्न म्हणूनही व्हावा, असे मला वाटते.

धोरण आणि अर्थसाहाय्य या दोन्ही बाबतींत बरेच काही घडले आहे. २०१७ साली आपल्याच राज्यातील रीवा येथील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाच्या लिलावात पहिल्या वर्षासाठी प्रतियुनिट २ रुपये ९७ पैसे असा दर निघाला आणि 'सौरवीज महाग' हा जुना आक्षेप फोल ठरला. २०१९ पासूनच्या कुसुम योजनेत सौरपंपाच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र व राज्य सरकार उचलते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आणि तारणाविना कर्जाची सोय आहे. संत्र्याच्या बागेला रात्रीच्या पाळीत ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणे म्हणजे काय, हे साप-विंचवाचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना वेगळे सांगायला नको.

मग लोक कचरतात का? माझ्या मते त्यांचा प्रश्न पैशाच्याही पुढचा आहे. 'बिघडले तर कोण येणार?' हा तो प्रश्न. त्यामागे अनुभव आहे. १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्पातून देशभर गोबरगॅसची संयंत्रे बांधली गेली. त्यांतील कित्येक पुढे देखभालीअभावी बंद पडली. अनुदान वेळेवर पोहोचले, मिस्त्री मात्र पोहोचला नाही. हे पाहिलेला माणूस नव्या योजनेकडे सावधपणे पाहत असेल, तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

लसीकरणाने आपल्याला हाच धडा दिला आहे. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. लस मोफत होती, पण तेवढ्याने हे साधले नाही. त्याच दारी पुन्हा पुन्हा जाणे, आईच्या त्याच शंकेला पुन्हा शांतपणे उत्तर देणे आणि कारखान्यापासून बाळाच्या तोंडापर्यंत शीतसाखळी तुटू न देणे, या तिन्हींचे ते फळ होते.

ऊर्जेच्या क्षेत्रातही असे दाखले आहेत. छत्तीसगडमध्ये शेकडो आरोग्य केंद्रांवर सौरसंच बसवताना राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेने त्यांच्या देखभालीचीही व्यवस्था उभी केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील सौरसंच असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, विजेचा तुटवडा असलेल्या आणि सौरसंच नसलेल्या केंद्रांच्या तुलनेत, महिन्याला जवळपास दुप्पट प्रसूती होत असल्याचे आढळले. अगदी जवळचे उदाहरण म्हणजे बैतूल जिल्ह्यातील बांचा. सुमारे पाऊणशे घरांच्या या आदिवासी गावात आयआयटी मुंबईने विकसित केलेल्या सौर शेगड्या २०१८ च्या अखेरीपर्यंत घरोघरी बसल्या. ज्या घोडाडोंगरी तालुक्यात सारणीचे कोळशाचे वीजकेंद्र आहे, त्याच तालुक्यातले हे गाव, हे विशेष. मात्र अशा संचातील बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. त्या खर्चाची तजवीज पहिल्याच दिवशी झाली पाहिजे.

सरकारी योजनांत पाच वर्षांच्या देखभालीची अट आहे. ती कागदावरून अंगणात यावी, यासाठी दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, पुरवठादाराच्या रकमेचा काही अंश राखून ठेवावा आणि ग्राहकाच्या समाधानानुसार तो दरवर्षी द्यावा. दोन, प्रत्येक मोठ्या गावात आयटीआय शिकलेल्या दोन तरुणांना या दुरुस्तीचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला आहे. नव्या जिल्ह्याच्या ज्या इमारती उभ्या राहतील, त्यांच्या छतांचा विचार आराखड्यातच व्हावा.

आणि आपण डॉक्टर? सूर्यघरचे अनुदान घरगुती जोडणीपुरते आहे, रुग्णालयाला ते मिळत नाही. तरीही व्यापारी दराचे बिल भरणाऱ्या दवाखान्याला सौरसंच परवडू शकतो. येथे एक सत्य स्पष्ट सांगितले पाहिजे. वीज वितरणाच्या तारांना जोडलेला, बॅटरीविना चालणारा साधा संच वीज गेली की स्वतःही बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या लाईनमनच्या सुरक्षेसाठी ती योजना असते. त्यामुळे शस्त्रक्रियागृहासाठी आणि नवजात शिशूच्या वॉर्मरसाठी बॅटरी किंवा जनरेटर लागणारच. विक्रेता हे सांगेलच असे नाही, आपण सांगितले पाहिजे. औषधाचे गुण सांगताना त्याच्या मर्यादाही सांगणाऱ्या डॉक्टरवर रुग्ण अधिक विश्वास ठेवतो.

आपल्या समाजात डॉक्टरच्या शब्दाला आजही मान आहे. तो मान आपण आपल्या छतापासून खर्च करू या. दवाखान्याच्या भिंतीवर महिन्याचे वीजबिल आणि संचाची दुरुस्ती कधी झाली याची नोंद लावू या. चांगली वा वाईट, जशी असेल तशी. पाहणारा स्वतःच निर्णय घेईल, आणि असा घेतलेला निर्णय टिकतो.